डोक्यात चढणारा डोंगर

मार्गेरिता म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? साहजिक आहे. टोमॅटो, चीज, वर बेझिलची दोन पानं. इटलीच्या राणी मार्गेरिताच्या नावावरून या पिझ्झाचं बारसं झालं, अशी नेपल्सची लाडकी गोष्ट आहे. खरं-खोटं नेपल्सवाले जाणोत. पण याच राणीच्या नावाची आणखी एक भन्नाट चीज इटलीत आहे आणि ती कुणी होम डिलिव्हरी करत नाही. तिथे आपल्या पायांनी जावं लागतं.

आल्प्समध्ये, इटली आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर मोंते रोझा नावाचा बर्फाचा अवाढव्य पसारा आहे. त्यातल्या पुंता न्यिफेत्ती या शिखराच्या अगदी टोकावर, ४५५४ मीटरवर, एक घर उभं आहे. कपान्ना मार्गेरिता. कपान्ना म्हणजे झोपडी. नाव झोपडीचं, पण मान युरोपातल्या सर्वांत उंच इमारतीचा. ऑगस्ट १८९३ मध्ये राणी स्वतः चढून वर आली आणि इथे एक रात्र राहिली. त्या काळच्या पोशाखात, दोराला बांधून घेऊन. आहे की नाही सॉलिड बाई?

पण या झोपडीची खरी मजा राणीत नाही, सूर्योदयातही नाही. गेली सव्वाशेहून अधिक वर्षं इथे माणसं स्वतःचं डोकं तपासायला येतायत. हवा विरळ झाली की विचार करण्याच्या ताकदीचं नेमकं काय होतं, हे मोजायला. आणि त्यांना जे सापडलंय, ते आल्प्सला कधीच न जाणाऱ्या, पण पुढच्या सीझनला लेहचं तिकीट काढून बसलेल्या तुमच्या-माझ्या ग्रुपसाठीही तितकंच कामाचं आहे.

गाव अलान्या

सुरुवात होते अलान्या वाल्सेझिया या गावात. मिलानहून गाडीने साधारण दोन-अडीच तास. दरी अरुंद होत जाते, नदी खळाळत सोबत येते आणि रस्ता जिथे संपतो तिथे हे गाव लागतं. उंची ११९१ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही कमी.

इथली जुनी घरं पाहून कॅमेरा बाहेर निघतोच. खाली दगड, वर काळवंडलेलं लाकूड आणि चारही बाजूंनी आडव्या दांड्यांचे सज्जे. हे सज्जे शोभेचे नाहीत. गवत आणि धान्य वाळत घालायची ती सोय. ही वाल्झर लोकांची घरं. तेराव्या शतकाच्या सुमारास पलीकडच्या स्विस खोऱ्यातून ही मंडळी बर्फाच्या खिंडी ओलांडून इकडे आली आणि इथलीच झाली. त्यांची जर्मन वळणाची बोली आता थोड्याच म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरली आहे.

पोटोबाचं म्हणाल तर इथे मिआच्चे मिळतात. दोन तापलेल्या लोखंडी तव्यांमध्ये दाबून केलेलं कागदासारखं पातळ, कुरकुरीत प्रकरण. आपल्या घावनाचं इटालियन चुलत भावंडच म्हणा. आत टोमा नावाचं स्थानिक चीज. दोन खाऊन थांबणं शक्य नाही. भरपेट खाऊन घ्या, कारण वर गेल्यावर भूक हीच पहिली रजेवर जाते.

आणि हो, न्यिफेत्ती हे शिखराचं नाव याच गावच्या पाद्रीबाबांचं. जोव्हान्नी न्यिफेत्ती यांनी १८४२ मध्ये गावकऱ्यांना सोबत घेऊन या शिखरावर पहिलं पाऊल ठेवलं. त्याआधी त्यांचे काही प्रयत्न फसले होते. ते दर वेळी मागे फिरले, म्हणून पुन्हा जाऊ शकले. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

लिफ्टमध्ये बसा आणि कळसूबाई मागे टाका

अलान्याहून केबलची सफर सुरू होते. टप्प्याटप्प्याने पाळणे बदलत तुम्ही इंद्रेनला पोचता. नाव ऐकून इंद्राचा दरबार आठवला, तर चूक तुमची नाही. ३२७५ मीटर! गावापासून दोन हजारांहून जास्त मीटरची चढाई, तीही बसल्या जागी. म्हणजे अख्खी कळसूबाई, १६४६ मीटरची, आणि तिच्या डोक्यावर आणखी चारशे मीटर.

इथेच फंडा समजून घेऊ. वर ऑक्सिजन ‘संपतो’ असं आपण म्हणतो, पण ते तितकंसं बरोबर नाही. मुंबईच्या हवेत जसा २१ टक्के ऑक्सिजन असतो, तसाच इंद्रेनलाही असतो, मार्गेरितालाही आणि एव्हरेस्टवरही. कमी होतो तो हवेचा दाब. दाब कमी, म्हणजे हवेचे कण विरळ. म्हणजे त्याच एका श्वासात हाती लागणारा ऑक्सिजन कमी. लेहला समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण दोन-तृतीयांश, मार्गेरिताला सहा दशांशाच्या थोडं खाली, खार्दुंग ला खिंडीत जवळपास निम्मा. पगार तोच, पण महागाई दुप्पट, असा प्रकार.

आता या महागाईची झळ सगळ्यात आधी कोणाला? घरातल्या सगळ्यात खर्चिक मेंबरला. आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के. पण आरामात बसलेलं असताना शरीर जितका ऑक्सिजन वापरतं, त्यातला साधारण वीस टक्के हा एकटा उडवतो. शिल्लक टाकण्याची सवय शून्य. रोज कमवायचं, रोज खायचं. पुरवठा थोडा जरी आखडला तरी याचं बजेट कोसळतं.

सह्याद्रीत दर विकेंडला ट्रेक मारणाऱ्या दोस्तांसाठी एक वाईट बातमी. तुमचा स्टॅमिना इथे कामाला येतो तो पायांसाठी. डोक्यासाठी नाही. आख्खा सह्याद्री या दुखण्याच्या पट्ट्याच्या खालीच राहतो, त्यामुळे राजगड किती वेळा केला याचा अनुभव इथे मोजलाच जात नाही. फिटनेसमुळे विरळ हवेचा त्रास टळत नाही. उलट फिट माणूस भराभर वर चढतो आणि भराभर अडचणीत येतो.

मोस्सोबुवांचा तराजू

केबलच्या वाटेवर, वरच्या टप्प्याजवळ, कोल दोलेन नावाच्या खिंडीपाशी २९०१ मीटरवर एक दगडी इमारत दिसते. इन्स्तितुतो आंजेलो मोस्सो. १९०७ मध्ये उभारलेली ही संशोधनशाळा २००० मध्ये आगीत होरपळली, पुढे दुरुस्त झाली. दोन मिनिटं थांबून हिला सलाम करा. कारण मेंदूचं काम बाहेरून मोजायची आयडिया ज्यांच्या डोक्यातून आली, त्यांत या मोस्सोसाहेबांचा नंबर फार वर लागतो.

आंजेलो मोस्सो हे तुरीनचे शरीरशास्त्रज्ञ. जन्म १८४६. त्यांना ध्यास एकच, जे दिसत नाही ते मोजायचं. १८७० च्या दशकात त्यांना बेर्तिनो नावाचा एक शेतकरी भेटला. अपघातात त्याच्या कवटीला भोक पडलेलं आणि त्यातून मेंदूची धडधड चक्क त्वचेखाली दिसायची. मोस्सोंनी तिथे एक यंत्र बसवलं, जे ती धडधड कागदावर उमटवत राहील. मग त्याला विचारलं, आठ गुणिले बारा किती? उत्तर तोंडातून यायच्या आधीच कागदावरची रेघ उंचावली! एकदा दुपारी चर्चची घंटा वाजली तेव्हाही तसंच झालं. बेर्तिनोच्या मनात प्रार्थनेचा विचार आला होता. हाताची नाडी मात्र जशीच्या तशी. म्हणजे विचार केला की रक्त नेमकं मेंदूकडे जास्त धावतं. आज हॉस्पिटलातल्या एमआरआय यंत्रात मेंदूचे जे रंगीबेरंगी नकाशे निघतात, त्यांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

पुढे तर त्यांनी माणसाला आडवं झोपवता येईल असा एक नाजूक तराजूच बनवला. विचार करायला लावलं की डोक्याकडची बाजू खाली झुकते का, हे बघायला. विचारांचं वजन! आपल्याकडे ‘याच्या बोलण्याला वजन आहे’ म्हणतात, मोस्सोबुवांनी ते सिरियसली घेतलं.

१८९४ मध्ये हेच मोस्सो सैनिक, मदतनीस आणि यंत्रांच्या पेट्या घेऊन कपान्ना मार्गेरितावर जाऊन राहिले. बोटाने वजन ओढून थकवा मोजायचं यंत्र होतं, श्वास नोंदवायचं यंत्र होतं. झोपलेल्या माणसांचे श्वास त्यांनी नोंदवले, तर एक अजब पॅटर्न निघाला. श्वास वाढत जातो, मग मंदावतो, मग काही सेकंद बंदच. आणि पुन्हा सुरू. लेहच्या पहिल्या रात्री दचकून जागे झाला असाल तर हाच तो प्रकार.

‘मला चढली नाहीये!’

आता प्रश्न असा की यंत्रं कशाला हवीत? सरळ माणसालाच विचारावं ना, बाबा रे, डोकं ठिकाणावर आहे का?

इथेच तर खरी मेख आहे. पार्टीत तिसऱ्या पेगनंतर एक दोस्त असतोच. भिंतीला धरून उभा, गाडीची किल्ली हातात आणि तोंडात एकच वाक्य, ‘मला चढली नाहीये!’ मराठीत डोंगरही चढतो आणि दारूही चढते. आपल्या पूर्वजांना काय सुचलं असेल कोण जाणे, पण शब्द एकदम करेक्ट निवडलाय. चढलेल्याला कळत नाही की चढली आहे. कारण ते कळून घेणारा अवयव आणि चढलेला अवयव एकच!

याची सगळ्यात करुण गोष्ट पॅरिसची आहे. १५ एप्रिल १८७५. ‘झेनिथ’ नावाचं बलून तीन जणांना घेऊन आकाशात गेलं. गास्तों तिसांदिए, क्रोचे-स्पिनेली आणि सिव्हेल. बलून आठ हजार मीटरच्याही वर गेलं. सोबत ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या, नळ्या हाताशी होत्या. तरीही तिघांपैकी दोघं जिवंत परतले नाहीत. वाचलेल्या तिसांदिएने नंतर जे लिहून ठेवलं ते हादरवणारं आहे. वेदना नव्हत्या. भीती नव्हती. उलट एक प्रकारचा आनंद वाटत होता, कशाचीच पर्वा वाटत नव्हती. ऑक्सिजन घ्यावा असं मनात आलं तेव्हा हात उचलायची ताकद उरली नव्हती.

मरणाच्या दारात बरं वाटत होतं! म्हणून शास्त्रज्ञ म्हणाले, माणसाची साक्ष पुरे. आता थेट मेंदूलाच विचारू.

डोक्याला तारा

मेंदूला विचारायची सोय झाली १९२४ मध्ये. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बेर्गर या डॉक्टरने माणसाच्या डोक्यावर तारा लावून मेंदूची वीज पहिल्यांदा नोंदवली आणि १९२९ मध्ये ते जगाला सांगितलं. हाच आपला ईईजी. डोळे मिटून शांत बसलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला आठ ते तेरा वेळा हेलकावणारी एक सुरेख लय दिसते. तिचं नाव अल्फा.

ऑक्सिजन बराच कमी केला की ही अल्फा लय ढासळायला लागते आणि तिच्या जागी संथ, मोठ्या लाटा येतात. एरवी झोपेत किंवा गुंगीत दिसतात तशा. दाब कमी करता येणाऱ्या बंद खोल्यांमध्ये १९३० च्या दशकापासून हे पाहिलं गेलंय. माणूस खुर्चीत डोळे उघडे ठेवून बसलेला, ‘एकदम ओके’ म्हणतोय आणि कागदावर त्याचा मेंदू डुलक्या काढतोय.

दुसरा प्रयोग आणखी इंटरेस्टिंग. कानाला हेडफोन लावायचे. आवाज येतो टुक, टुक, टुक, टुक आणि मध्येच टिंग! टिंग ऐकू आलं की बटण दाबायचं. असा वेगळा आवाज आल्यावर सेकंदाच्या साधारण तीन-दशांश भागानंतर मेंदूत एक ठसठशीत लाट उठते. ‘अरे, हे वेगळं आहे’ असं मेंदूने स्वतःशी म्हटल्याची ती पावती. हवा विरळ झाली की अनेक प्रयोगांत ही पावती उशिरा येते. गंमत म्हणजे बटण बऱ्याचदा बरोबरच दाबलं जातं. उत्तर बरोबर, पण मेंदूला ते शोधायला जास्त वेळ लागलेला. म्हणजे चूक बाहेर दिसायच्या आधीच यंत्राला चाहूल लागलेली असते.

आता तर कानशिलावर ध्वनिलहरी सोडून मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजतात. कपाळावर पट्टी बांधून त्यातून अवरक्त प्रकाश सोडतात आणि आतल्या रक्तात किती ऑक्सिजन उरलाय ते पाहतात. ही यंत्रं इतकी आटोपशीर झाली आहेत की पाठीवरच्या सॅकमधून डोंगरावर नेता येतात.

या सगळ्या उचापतींतून निघालेलं सार साध्या भाषेत सांगायचं तर असं. सवयीची कामं उशिरापर्यंत टिकतात. बुटाची नाडी बांधता येते, बाइक चालवता येते, जोक मारता येतो. आधी घसरतं ते नवं काहीतरी लक्षात ठेवणं, दोन गोष्टींकडे एकदम लक्ष देणं आणि ठरलेला बेत परिस्थिती पाहून बदलणं. म्हणून तर धोका कळत नाही. गाडी चालते आहे, फक्त ब्रेक लागत नाहीये.

ब्रेकची रस्सीखेच

मोस्सोंचं एक मत पुढे मागे पडलं. त्यांना वाटायचं, वर माणूस आजारी पडतो तो ऑक्सिजनमुळे नाही, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाल्यामुळे. त्यांच्याही आधी, १८७८ मध्ये, पॅरिसच्या पॉल बेर यांनी ऑक्सिजनच गुन्हेगार असल्याचं प्रयोगांनी दाखवलं होतं. बेर जिंकले. पण मोस्सो पूर्ण हरले नाहीत, आणि त्याचं कारण झकास आहे.

वर गेल्यावर आपण धापा टाकतो. त्याने ऑक्सिजन मिळतो, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो. ऑक्सिजन कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ‘या, जास्त रक्त या!’ कार्बन डायऑक्साइड कमी झाला की त्याच रक्तवाहिन्या आकसतात. एकाच नळाला दोघं जण उलट दिशेने पिळतायत. कोण जिंकतं हे प्रत्येकाच्या शरीरात वेगळं. एकाच ग्रुपमधला एक जण टुणटुणीत आणि दुसरा गार, असं होण्यामागे हीही एक खेच आहे.

थॉमस हॉर्नबाइन हे अमेरिकन डॉक्टर, स्वतः १९६३ मध्ये एव्हरेस्टवर जाऊन आलेले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अतिउंचीवर जाऊन आलेल्या गिर्यारोहकांच्या चाचण्या घेऊन १९८९ मध्ये निष्कर्ष छापले. खाली आल्यावरही काहींची स्मरणशक्ती आणि बोटांचा वेग थोडा घसरलेला होता. आणि धक्का असा की ज्यांचं शरीर विरळ हवेत जास्त जोराने श्वास घेतं, म्हणजे ज्यांना आपण वरच्या हवेचे हिरो समजतो, त्यांच्यात ही घसरण जास्त! मोस्सोंच्या कार्बन डायऑक्साइडने शंभर वर्षांनी असं डोकं वर काढलं. घाबरू नका, ही गोष्ट एव्हरेस्टसारख्या उंचीची. मार्गेरिताच्या किंवा लडाखच्या उंचीवर, नीट सवय करत गेलात, तर डोकं हळूहळू ताळ्यावर येतं आणि खाली उतरलं की धुकंही उतरतं.

झोपडीतली रात्र

इंद्रेनहून दीड-दोन तास चालून न्यिफेत्ती हट गाठायचं, ३६४७ मीटर. उंची लेहपेक्षा किंचित जास्त. इथे रात्र काढायची. पहाटे अंधारात हेल्मेटवरचे दिवे लावून, बुटांना काटे चढवून, एका दोरात बांधून निघायचं. लिसची हिमनदी, डावीकडे लिस्कामची धारदार भिंत, बर्फात निळ्या भेगा. चार-पाच तासांत नऊशे मीटर. शेवटच्या उताराखाली पोचल्यावर वर ती दिसते. कड्याच्या टोकावर टेकवलेली एक काळपट पेटी.

आताची इमारत १९८० ची. बाहेरून सगळी तांब्याच्या पत्र्याने मढवलेली. श्रीमंतीसाठी नाही, विजेसाठी. शिखराच्या टोकावर वीज कोसळणारच. तांब्याचं कवच ती बाहेरच्या बाहेर जमिनीत सोडतं. आत बंक बेड, लायब्ररी, गरम सूप आणि डॉक्टरांना प्रयोग करायला जागा. फुप्फुसात पाणी भरणारा डोंगरी आजार कसा होतो आणि कोणत्या औषधाने टळतो, यावर १९८० आणि ९० च्या दशकांत इथे झालेलं काम जगभरच्या डॉक्टरांनी वाचलंय.

खिडकीतून एका बाजूला मॅटरहॉर्न, दुसऱ्या बाजूला ढगांखाली इटलीचं सपाट मैदान. पण तुम्ही आतल्या माणसांकडे बघा. चहाचा कप हातात धरून भिंतीकडे टक लावून बसलेला कोणी, बिलाचे युरो तीन-तीनदा मोजणारा कोणी. ऑफिसमध्ये ही मंडळी करोडोंची बजेटं सांभाळत असतील. इथे तिसऱ्यांदा विचारतायत, ‘आपले हातमोजे कुठेत?’

आणि आपलं लेह

आता आपल्या घरी येऊ. पहाटे दिल्लीत विमानात बसायचं आणि सव्वा-दीड तासात थेट लेह, साडेतीन हजार मीटर. अलान्याच्या केबलपेक्षाही फास्ट. मग ऑफिसने दिलेली पाच दिवसांची सुट्टी, ग्रुपवर ठरलेला कार्यक्रम, दुसऱ्याच दिवशी खार्दुंग ला, ५३५९ मीटर. मार्गेरितापेक्षा आठशे मीटर वर. तिसऱ्या रात्री पँगाँग किंवा त्सो मोरिरी. त्सो मोरिरी तर जवळजवळ मार्गेरिताच्याच उंचीवर! फरक एवढाच की मार्गेरिताला जाणारा माणूस दोर बांधून, गाइड घेऊन, टरकत जातो. आपण एफएमवरची गाणी म्हणत जातो.

याची किंमत भारताने आधी मोजली आहे. १९६२ नंतर जवानांना सपाटीवरून भराभर हिमालयात न्यावं लागलं. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी १९२५ जवानांची निरीक्षणं १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. ३३५० ते ५५०० मीटरवरची ही निरीक्षणं उंचीवरच्या आजाराच्या अभ्यासात आजही मैलाचा दगड मानली जातात. धडधाकट, तरुण, शिस्तीतले जवान. तरीही डोकेदुखी, उलट्या आणि काहींचा मेंदू सुजेपर्यंत मजल. त्यांना वर जायचा हुकूम होता. आपल्याला कोणी केलाय?

लडाखला जाऊ नका असं कोण म्हणतंय? बिनधास्त जा. फक्त एक साधी अ‍ॅडजस्टमेंट करा. निर्णय खाली घ्या, वर नुसते पाळा. कोणत्या लक्षणाला परत फिरायचं, किती वाजता परत फिरायचं, हे पुण्या-मुंबईत चहा पिताना ठरवा आणि कागदावर लिहा. कारण ज्या डोक्याने हे वर जाऊन ठरवायचं, ते डोकं वर पोचेपर्यंत तुमचं राहिलेलं नसतं.

आणि ग्रुपमधला जो कोणी वारंवार ‘मी ठीक आहे यार, पुढे चला’ म्हणेल ना, त्याच्यावर बारीक लक्ष ठेवा. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या मोजमापानंतर एवढं तर नक्की झालंय की उंचीवरचं सगळ्यात बिघडलेलं मीटर म्हणजे ‘मी ठीक आहे’.

खिशात ठेवा

• लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस फक्त आराम. पाणी, साधं जेवण, दारू बंद. खार्दुंग ला कुठे पळून जात नाही.

• तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नका. दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. दिवसा जास्त वर जाऊन रात्री खाली येऊन झोपणं चांगलं.

• जोड्या लावा. रोज सकाळी एकाने दुसऱ्याला तपासायचं. टाचेला पंजा लावत सरळ रेषेत दहा पावलं. शंभरातून सात-सात वजा करत पाच वेळा. हे आधी घरी करून बघा, म्हणजे तुलना स्वतःशीच होईल. अडखळणं वाढलं की वर जाणं बंद.

• चालताना तोल जाणं, असंबद्ध बोलणं, न उठवणारी झोप, बसल्या जागी धाप. यातलं काहीही दिसलं तर लगेच खाली उतरा, रात्र असली तरी. एकट्याला पाठवू नका, डॉक्टर गाठा. ‘सकाळी बघू’ हे वाक्य बाद.

• उंचीसाठीच्या गोळ्या मित्राच्या सल्ल्याने नाही, निघण्याआधी डॉक्टरांना विचारून. काही औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

• मार्गेरिताचा बेत असेल तर झोपडी उन्हाळ्यातच उघडी असते. बुकिंग आधी करा, हिमनदीवर गाइडशिवाय पाऊल टाकू नका आणि अलान्याच्या केबलने थेट वर उडी मारण्यापेक्षा मधल्या उंचीवर एक-दोन रात्री जास्त काढा.

मागे फिरावं लागलंच, तर वाईट वाटून घेऊ नका. गावात गरम मिआच्चे आहेत, लेहच्या बाजारात थुकपा आहे आणि डोंगर पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे. अलान्याचे पाद्रीबाबाही पहिल्या फटक्यात वर पोचले नव्हते. शिखराला नाव मात्र त्यांचंच लागलं.